साखर न घातलेले ब्याऐंशी

ते सत्त्याण्णव साल होतं. जुलैमध्ये मोरावा नदीनं आमचा अर्धा मुलूख बुडवला होता, आणि शरद ऋतू आला तरी ब्रनोच्या भाजीबाजारात बटाट्यांना तळघरातल्या चिखलाचा वास येत होता. त्या साली मी झिदेनित्से भागात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, 'ब्लुदिश्ते' नावाच्या मासिकाची मुद्रितं तपासत असे. ब्लुदिश्ते म्हणजे भुलभुलैया. मासिक कॉम्प्युटरवरच्या गेम्सचं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आयुष्यभर शाळेत चेक भाषा शिकवली होती. मला स्वल्पविराम कळायचे, आणि तिथल्या पोरांना नेमके तेच कळत नव्हते. खोल्यांत रंगाचा, जुन्या गालिच्याचा आणि खालून येणाऱ्या रबराच्या सोल्यूशनचा वास असायचा. आज कुठे सायकलचं पंक्चर काढताना दिसलं की मी उगाच दोन मिनिटं थांबते.

मला तिथं आणलं लुबोर शिमेकनं. तो माझा विद्यार्थी. त्याच्यामुळे सगळेच मला शाळेसारखं 'बाई' म्हणायला लागले. लुबोर मासिकाचा पहिल्या नंबरचा समीक्षक होता. कुठलाही गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय तो त्यावर एक ओळ लिहीत नसे. इतर पोरं पहिले दोन तास खेळून पुढचं अंदाजानं रेटायची.

लुबोर असा का होता हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे शाळेत एक हा सगळ्यात चांगला शेरा आणि पाच म्हणजे नापास. सातवीत असताना त्याचे वडील गेले, आणि त्यानंतरच्याच निबंधाला मी त्याला एक दिला. तास संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला आणि हा एक खरा आहे की बाबांसाठी, असं त्यानं विचारलं. खरा आहे, मी म्हटलं. मग यात काय चांगलं आहे ते दाखवा, म्हणाला. मी ओळीवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे तो घरी गेला.

मासिकात प्रत्येक परीक्षणाखाली एक चौकट असे. तिच्यात डावीकडे गुण, उजवीकडे दोष, आणि खाली टक्क्यांचा ठसठशीत आकडा. लोक आधी आकडा बघायचे, मग चौकट, आणि ट्राम उशिरा आली तर वरचा मजकूर. या आकड्यात एक गोम होती. अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला गेम असेल तर आकडा जसाच्या तसा. पण गेम आपल्या लोकांनी, म्हणजे ब्रनोत, ऑस्त्रावात किंवा प्रागमध्ये कुणी बनवला असेल, तर त्यावर दहा टक्के जास्त घालायचे. बिचारे तळघरात बसून, उसन्या मशीनवर, बायकोच्या शिव्या खात काहीतरी बनवतात, त्यांना हात द्यायला हवा, अशी त्यामागची भावना. या दहा टक्क्यांना ऑफिसात 'साखर' म्हणत. हे कुठेही छापलेलं नव्हतं, पण सगळ्या देशाला माहीत होतं. वाचक आपल्या गेमचा आकडा वाचून मनातल्या मनात दहा वजा करत. दुकानदारही करत. कुणी कुणाला फसवत नव्हतं. आम्ही घालायचो, ते काढायचे, आणि दोघांनाही बरं वाटायचं. त्या देशात असल्या गोष्टींची आम्हाला जुनी सवय होती. पेपरात छापलेलं काही अंशी कमी करून वाचायचं हे माझी पिढी पाळण्यातच शिकली होती.

त्या ऑक्टोबरात हिनेक दोलेझलचा गेम ऑफिसात आला.

हिनेकही माझाच विद्यार्थी, लुबोरच्या बाकावर बसणारा. शाळेनंतर दोघं एकाच कॉम्प्युटर क्लबात जात आणि एकाच कळफलकावर बसून भांडत. पुढे हिनेक ट्रॅक्टरच्या कारखान्यात नकाशे काढायला लागला, आणि मग एक दिवस नोकरी सोडून गेम बनवायला बसला. त्याची धाकटी बहीण सिल्व्हिए लहान मुलांना चित्रकला शिकवायची. तिनंही शाळा सोडली. त्या गेममधली घरं, झाडं, कोंबड्या, खिडक्यांवरचे पडदे, सगळं तिनं आधी कागदावर जलरंगात काढलं होतं. तीन वर्षं दोघं आजीच्या रिकाम्या घरात राहून हेच करत होती.

गेमचं नाव 'ह्लादिना', म्हणजे पाण्याची पातळी. धरणात जाणारं एक गाव. लोक निघून गेलेत. देवळाचा म्हातारा रखवालदार मागे राहिलाय, आणि तो आपण. घरोघरी जायचं, कुणाची चूल विझवायची राहिलीय ती विझवायची, कोंडलेलं कुत्रं सोडायचं, भिंतीवरचा फोटो काढून घ्यायचा. मारामारी नाही, शत्रू नाही. आणि एक विलक्षण गोष्ट. खेळता खेळता मध्ये थांबून गेम सेव्ह केला, की पाणी थोडं वर चढायचं. म्हणजे जितकं जपून ठेवाल तितकं लवकर बुडेल.

लुबोरनं मला त्याच्या शेजारी बसवून तो दाखवला. मी काही खेळले नाही, नुसतं बघत होते. एका घरात ओट्यावर पीठ मळून ठेवलेलं होतं, त्यावर फडकं. म्हातारा तिथं उभा राहिला की काहीच व्हायचं नाही. त्या पिठाचं काहीही करता येत नव्हतं. माझी आई असंच फडकं टाकायची, निळ्या रेघांचं. मी चष्मा पुसला आणि माझ्या कामाला गेले.

संपादक ओताकार ब्राझ्दा मात्र कपाळाला हात लावून बसला. "पाण्याचा गेम? यंदा?" तो म्हणाला. "माझ्या सासूचं तळघर अजून वाळलं नाही. ती पैसे देऊन पुन्हा पूर बघणार?"

"तुझी सासू गेम खेळत असेल तर मी मासिक सोडतो," लुबोर म्हणाला.

पण खरी अडचण पुराची नव्हती. प्रागमध्ये व्रबा नावाचा एक माणूस होता. नाताळात देशभरच्या दुकानांत कुठले गेम मांडायचे ते तोच ठरवायचा. हिनेक-सिल्व्हिएचं सगळं त्याच्यावर होतं. तो गेम स्वतः बघत नसे, तेवढा वेळ त्याला नव्हता. 'ब्लुदिश्ते'चा आकडा बघायचा. त्यानं हिनेकला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की नव्वद आले तर घेतो. नव्वद म्हणजे खरे ऐंशी. ही वजाबाकी त्यानं बोलून दाखवली नाही, दाखवायची गरजही नव्हती. नाताळ हुकला तर संपलं. जानेवारीत आमच्याकडे कुणी काही विकत घेत नाही. आणि आणखी एक वर्ष त्या आजीच्या घरात काढायची ताकद दोघांतही उरली नव्हती.

लुबोरनं कुठल्याही गेमला तोवर शहाऐंशीच्या वर टक्के दिलेले नव्हते, आणि ते शहाऐंशीही एका अमेरिकन गेमला, आणि त्यानंतर आठवडाभर त्याला आपण वाहवत गेलो असं वाटत होतं. 'ह्लादिना'ला त्याचे खरे ब्याऐंशी झाले. साखर घालून ब्याण्णव. व्रबाचं समाधान झालं असतं, हिशोब सगळ्यांना पटला असता, गेम नाताळात दुकानांत गेला असता. इतकं सोपं होतं ते.

मग हिनेक ऑफिसात आला. ओला कोट अंगावर तसाच ठेवून लुबोरच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. मी पलीकडे मुद्रितं वाचत होते. आकडा किती ते त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "मला साखर नको."

लुबोरनं कळफलक बाजूला सरकवला.

"मागच्या महिन्यात तुम्ही त्या सरदारांच्या गेमला चौऱ्याऐंशी दिलेत," हिनेक म्हणाला. "ज्यात घोडे भिंतीत अडकतात. मला त्या रांगेत उभं राहायचं नाही. तू मला काय देशील ते खरं दे. साठ असतील तर साठ दे."

"आणि व्रबा?"

"व्रबाशी मी बोलीन. तो काही मूर्ख नाही. आणि तुझं परीक्षण लोक वाचतील ना. लोकांना वाचता येतं, लुबोर. बाईंनी शिकवलंय."

दोघंही माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. लुबोरचा चेहरा मला आजही दिसतो. निबंधावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा झाला होता तसा, उजळलेला. त्याच्या आयुष्यात त्याला भेटलेला हा पहिला माणूस होता ज्याला दया नको होती.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हिए आली. भाऊ कुठे आहे ते आधी विचारून घेतलं, मग टेबलावर डबा ठेवला. त्यात बुख्ते, म्हणजे खसखशीच्या सारणाचे गोड पाव होते, वर कापड झाकलेलं, अजून कोमट. बोटांच्या नखांत हिरवा रंग. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"लुबोर, साखर घाल," ती म्हणाली. "हिनेकनं काय सांगितलं ते मला माहीत आहे. मी मागते. माझ्या नावानं घाल. त्याला मान हवाय, मला दुकान हवंय."

लुबोरनं तिला समजावलं की साखर घातली तर हा गेम त्या घोड्यांच्या गेमसारखाच होईल. आठ टक्क्यांचा फरक, बाकी जात एक. कधीतरी कुणीतरी खरा आकडा लिहायलाच हवा, आणि तो झेलेल असा गेम पहिल्यांदाच समोर आला आहे. तो मनापासून बोलत होता. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

सिल्व्हिएनं ऐकून घेतलं. "तू खरा आकडा लिहिशील," ती म्हणाली, "पण वजाबाकी करणारे तेच आहेत ना रे? त्यांना कोण सांगणार?"

हे मात्र लुबोरला पटलं. तो उठून ओताकारच्या खोलीत गेला आणि परीक्षणाखाली एक ओळ छापायची परवानगी मागितली, की या आकड्यात काहीही मिळवलेलं नाही. ओताकारनं दार लावून घेतलं, पण त्या दाराचा उपयोग शून्य होता. अशी ओळ छापली तर आजवरच्या प्रत्येक आपल्या गेमच्या आकड्यात मिळवलं होतं असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं. ते गेम बनवणारी पोरं उद्या ऑफिसात येऊन बसतील. घोडेवाल्यांची तर मागच्या पानावर जाहिरात आहे. ब्याण्णव लिही आणि सुखानं झोप, नाहीतर ब्याऐंशी लिही आणि तोंड मिटून बस, यातलं काय ते ठरव. ओताकार वाईट माणूस नव्हता. त्याचंही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

लुबोर बाहेर आला तेव्हा सिल्व्हिए गेली होती. त्यानं एक बुख्ता खाल्ला, हात पुसले आणि आकडा लिहिला.

परीक्षण माझ्याकडे आलं ते पाच पानी. त्याच्या हातचं त्याहून चांगलं मी काही वाचलेलं नाही. शेवटी लिहिलं होतं, की गेम संपवून मी उठलो आणि पाय जमिनीवर टेकवताना ते कोरडे राहिले याचं मला नवल वाटलं. चौकटीत गुणांमध्ये होतं: सेव्ह केलं की पाणी चढतं. आणि दोषांमध्येही होतं: सेव्ह केलं की पाणी चढतं. ओताकारला वाटलं मी मुद्रितात चूक ठेवली. मी म्हटलं, चूक नाही, तसंच आहे. दोषांत आणखी दोन गोष्टी होत्या, म्हातारा फार हळू चालतो, आणि गिरणीच्या पुलावर गेम कधीकधी गोठतो. मी दोन स्वल्पविराम घातले आणि पानं पुढे पाठवली.

अंक नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाजारात आला. हिनेक ट्रामच्या थांब्यावरच्या दुकानातून अंक घेऊन धावत जिना चढून आला. त्यानं आकड्यावर बोट ठेवलं आणि लुबोरला विचारलं, "खरे?"

"खरे," लुबोर म्हणाला.

हिनेक खुर्चीत बसला आणि चक्क रडला. मग आम्हा सगळ्यांना कोपऱ्यावरच्या पबमध्ये घेऊन गेला, बिअर आणि व्हिनेगरात मुरवलेले सॉसेज मागवले, आणि मोठमोठ्यानं चौकट वाचून दाखवू लागला. दोषांची बाजू तो जास्त कौतुकानं वाचत होता. "म्हातारा हळू चालतो. अरे, गुडघे गेलेत त्याचे, गाढवा." शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी माणसानं अंकात डोकावून पाहिलं. ब्याऐंशी, आपलाच गेम ना, म्हणजे बहात्तर, ठीक आहे, असं त्यानं अगदी सहज म्हटलं आणि स्वतःच्या ग्लासाकडे वळला. हिनेक हसला. सिल्व्हिए हसली नाही. तिनं आपली बिअर पुढे सरकवली आणि कोट चढवला.

व्रबानं फोन केला नाही, म्हणून हिनेकनंच ऑफिसातून त्याला लावला. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. हिनेक आधी नीट बोलला, साखर नाही, खरे आहेत, समीक्षकालाच विचारा. मग त्यानं रिसीव्हर लुबोरकडे दिला. लुबोर बोलताना पांढरा पडत गेला. व्रबानं त्याला काय विचारलं ते त्यानं नंतर सांगितलं. व्रबा म्हणाला होता, मागच्या महिन्यात घोड्यांना चौऱ्याऐंशी दिलेत, म्हणजे हा त्या घोड्यांपेक्षाही खालचा. बरं, यात साखर नाही म्हणता. मग घोड्यांत होती का? लुबोरला होती म्हणता आलं असतं. पण मग उद्या व्रबानं घोड्यांच्या पोरांना फोन केला असता, आणि तीही हिनेकइतकीच तळघरात बसून वाळलेली पोरं होती. नव्हती म्हणावं, तर घोडे वर आणि 'ह्लादिना' खाली. तो गप्प राहिला. व्रबा म्हणाला, कळलं, आणि सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या.

वाचकांची पत्रं आली त्यांनी तर कळसच केला. एवढं पाच पानी कौतुक आणि आकडा मात्र कसाबसा ब्याऐंशी, यावरून समीक्षकाची दोस्ती दिसते, असं एकानं लिहिलं. साखर घालूनही नव्वदला पोचला नाही, यावरून काय ते समजा, असं दुसऱ्यानं. ओलोमोउत्सजवळच्या एका बाईनं लिहिलं की आमच्या स्वयंपाकघरात खांद्याएवढं पाणी आलं होतं, आम्हाला कशाला दाखवता. तिच्या पत्राला तरी उत्तर देता आलं असतं. बाकीच्यांना काय सांगणार? त्यांनी चूक काहीच केली नव्हती. आम्हीच शिकवलेली वजाबाकी त्यांनी केली होती.

हिनेकनं लुबोरला कधी दोष दिला नाही. दिला असता तर लुबोर वाचला असता असं मला वाटतं. तो फक्त म्हणाला, मीच मागितलं होतं ना, आणि लुबोरच्या खांद्यावर थाप मारून जिना उतरला. लुबोर खिडकीत उभा राहून तो ट्रामच्या थांब्यावर पोचेपर्यंत बघत राहिला. मी मागून म्हटलं की परीक्षण उत्तम झालंय. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही मला त्या वेळी निबंधावर बोट ठेवून दाखवलंत. इथे बोट ठेवायला कुणाला सांगू?"

'ह्लादिना' दुकानांत गेलाच नाही. पुढच्या वर्षी शेतीच्या अवजारांच्या एका मासिकाबरोबर त्याची डिस्क फुकट वाटली गेली. गिरणीच्या पुलावर तो गोठायचा, ते दुरुस्त करायलाही कुणी बसलं नाही.

ओताकारचं मासिक आणखी पाच वर्षं चाललं. नंतर त्यानं स्वयंपाकघराच्या फरशांचा धंदा केला. तो आता व्हिश्कोवला असतो आणि नाताळात मला कार्प माशाचा तुकडा पाठवतो. व्रबाचं मला काही कळलं नाही.

हिनेक कारखान्यात परत गेला. त्याला त्याची जुनी जागा मिळाली नाही, भांडारात लावलं. त्यानं पुन्हा कधी गेम बनवला नाही. पन्नाशीच्या आतच तो गेला. त्या नाताळच्या आधीच त्याच्यातला कुणीतरी गेला होता. उरलेला भला होता, थट्टा करायचा, पण काही विचारायचा नाही.

सिल्व्हिएनं आजीचं घर विकलं आणि ती ऑस्ट्रियात ग्राझला निघून गेली. तिथं ती दवाखान्यांच्या भिंतींवर ससे आणि फुगे काढते. भावाच्या अंत्यसंस्काराला आली तेव्हा लुबोर दारापाशी उभा होता. ती त्याच्या समोरून, त्याला ओळखत असूनही, गर्दीतल्या कुणाकडेही बघावं तसं बघत गेली. पीठ आणि फडक्याचं ते चित्र तिनं मला दिलं. ते माझ्या पलंगासमोर आहे.

लुबोरनं त्या नोव्हेंबरनंतर एकाही गेमला आकडा दिला नाही. मजकूर लिहून तो जागा मोकळी ठेवायचा. ओताकारनं काही महिने ती स्वतः भरली, मग त्याला नारळ दिला. लुबोर यिहलावाला जाऊन विम्याचे दावे तपासायला लागला, म्हणजे कुणाचं किती नुकसान खरं हे ठरवायला. पाच वर्षांपूर्वी तो गेला. यकृताचं होतं. शेवटच्या भेटीत तो मला म्हणाला, बाई, ब्याण्णव लिहायला हवे होते.

मी आता ब्याऐंशीची झाले आहे. त्या आकड्याला पोचले तेव्हा उगाच भीती वाटली. नातीनं मला इंटरनेट दाखवलं. तिथं जुन्या चेक गेम्सची एक जागा आहे, कुणी तरुणांनी कष्टानं उभी केलेली. 'ह्लादिना' तिथं आहे. सिल्व्हिएचं एक चित्र आहे. खाली आकडा आहे, बहात्तर. शेजारी बारीक अक्षरांत टीप आहे, की त्या काळच्या मासिकांची आपल्या लोकांना झुकतं माप देण्याची सवय लक्षात घेऊन सर्व आकडे दुरुस्त केले आहेत.

मी नातीकडून त्यांना लिहवून घेतलं, की या एका गेमला साखर घातली नव्हती, मी तिथं होते. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. त्यांनी माझे आभार मानले आणि विचारलं, याचा काही छापील पुरावा आहे का.

नाही, मी कळवलं. छापू दिलं नव्हतं.